त्या तेवीस मिनिटांतला आठ नंबर

"क्रॉनिक सबड्युरल हिमॅटोमा," बुलढाण्याच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, आणि मी विचारलं, "किती मॅच बाहेर बसावं लागेल?"

शेजारच्या खुर्चीवर माझी बायको शीतल होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी टेबलाकडे पाहू लागलो. मॅडमनी सीटी स्कॅनची फिल्म दिव्यासमोर धरली. सीटी स्कॅन म्हणजे डोक्याचे आडवे काप केल्यावर दिसतील तसे फोटो. उजव्या बाजूला कवटी आणि मेंदू यांच्या मधोमध एक करडी कोर होती. त्या म्हणाल्या, "हे जुनं रक्त आहे. मेंदूवर एक पडदा असतो, त्याच्याखाली हळूहळू साठत गेलंय. आता ते मेंदूला दाबतंय. डोक्याला मार कधी लागला होता?"

"लागतच असतो. फुटबॉल खेळतो मी."

"शेवटचा कधी?"

मी बोटांवर हप्ते मोजू लागलो. शीतल म्हणाली, "पाच हप्ते झाले मॅडम. गोव्याले मॅच होती."

हे लिहितोय ते मैदानावर डोकं घालणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. ऑपरेशनला घाबरू नका, ते जमून जातं. मला घाबरवलं ते वेगळ्याच गोष्टीने आणि ती कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

आधी माझी ओळख देतो, कारण बुलढाणा जिल्ह्यात व्यावसायिक फुटबॉलपटू सांगितला की लोक आधी हसतात आणि मग क्रिकेटचं विचारतात. मी देऊळघाटचा. बाबा शिक्षक होते, आता नाहीत. बाराव्या वर्षी पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात गेलो. तिथे पहिल्याच दिवशी "मले बॉल द्या" म्हणालो, आणि पुढची दोन वर्षं माझं नाव 'मले' होतं. त्यानंतर मुंबई, पंजाब आणि शेवटी गोवा, असं नऊ वर्षं क्लबांसाठी खेळलो. जागा मिडफिल्ड, जर्सी आठ नंबर, पाय डावा.

मिडफिल्डरचं काम लोकांना दिसत नाही. गोल करणारा दिसतो, गोल अडवणारा दिसतो. आम्ही मधे असतो. बॉल यायच्या आधी खांद्यावरून मागे पाहायचं, कोण कुठे आहे ते डोक्यात ठेवायचं आणि बॉल पायाला लागायच्या आत पुढचा पास ठरवून टाकायचा. नऊ वर्षं मी त्याच डोक्यावर जगलो.

त्या दिवशीचं शेवटचं आठवतं ते असं. त्यांच्या गोलकीपरने लांब किक मारली. बॉल उन्हात गेला, मी डोळे बारीक केले आणि उडी मारली. पुढची आठवण ड्रेसिंग रूमच्या बाकड्यावरची आहे. एका पायात मोजा, दुसरा उघडा, फिनाइलचा वास आणि कोणीतरी माझ्यापुढे बादली धरलेली. एकसष्टाव्या मिनिटाला डोकं आपटलं आणि चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला उलटी झाली म्हणून मला बाहेर काढलं, असं मला सांगण्यात आलं. मधली तेवीस मिनिटं मी खेळत होतो.

याला कन्कशन म्हणतात, म्हणजे डोकं आपटल्यावर मेंदू आतल्या आत हिंदकळतो. वरून जखम नसते, स्कॅनमध्ये बहुतेक वेळा काही येत नाही. माझ्या गोव्यातल्या स्कॅनमध्येही काही आलं नाही. क्लबने विश्रांतीसाठी घरी पाठवलं.

घरी पहिलं लक्षण दिसलं ते चपलेचं. बस स्टँडवरून घरी चाललो होतो, मागून पानठेलेवाला ओरडला, "ओ खेळाडू, चप्पल राह्यली ना तुमची." पाहिलं तर डावा पाय अनवाणी. चप्पल वीस पावलं मागे पडलेली. मला कळलंच नव्हतं. मी हसलो, तोही हसला. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं. माय मोताळ्याला मावशीकडे गेली होती, तिने तिथल्या बाजारातून एक नंबर लहान चप्पल आणली. "आता निंघते कशी ते पाहू," म्हणाली. ती चप्पलही अंगणात निघाली आणि मी तसाच न्हाणीपर्यंत गेलो.

ज्या पायाने नऊ वर्षं पोट भरलं त्या पायाला चप्पल धरता येईना, आणि मी काय केलं, तर घरात बूट घालून फिरू लागलो. मूर्खपणाचे प्रकार असतात, हा त्यातला शिकून आलेला. मग सकाळी उठल्याबरोबर डोकं ठणकायला लागलं. दुपारी जेवता जेवता झोप यायची. एका सकाळी डाव्या हातातला चहाचा कप बोलता बोलता कलंडला आणि मांडीवर सगळा चहा सांडला तरी मी शीतलशी बोलतच होतो. तिने कप उचलला, मांडी पुसली आणि गाडीची किल्ली घेतली. त्या दिवशी दुपारी आम्ही मॅडमसमोर होतो.

मॅडमनी लगेच संभाजीनगरला पाठवलं. धाड गावावरून रुग्णवाहिकेने गेलो. वाटेत शीतल मला झोपू देत नव्हती. दर दोन मिनिटांनी विचारायची, "गाव कोणतं गेलं आता?" मी चिडून म्हणालो, "मले काय माहीत, मी झोपेल हाओ." ती म्हणाली, "मंग उठून पाहा."

तिथले सर्जन कमी बोलणारे. त्यांनी सांगितलं, "बर होल करू. म्हणजे कवटीला दोन लहान छिद्रं पाडायची आणि साठलेलं रक्त धुऊन काढायचं. मेंदूला हात लावायचा नाही." मी विचारलं, हेडर कधीपासून मारता येईल. ते म्हणाले, "आधी पायात चप्पल राहू द्या."

ऑपरेशन एक तास चाललं म्हणे. बाहेर शीतलच्या शेजारी बीबी गावचे एक काका बसले होते, त्यांचे वडील माडीवरून पडलेले, त्यांनाही हाच आजार. काकांनी तिला सांगितलं, हा म्हाताऱ्या माणसांचा आजार हाये पोरी, तुह्या नवऱ्याले काऊन झाला? उत्तर माझ्याकडे होतं, पण मी आत होतो.

शुद्धीवर आलो तेव्हा डोक्यातून एक नळी बाजूच्या पिशवीत जात होती आणि पिशवीत ट्रॅक्टरचं जुनं ऑइल असावं तसं काळपट पाणी होतं. दोन दिवस सपाट पडून राहायचं, उशी नाही. पहिल्याच सकाळी सर्जन आले, माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला हात लावून म्हणाले, "वर करा." अंगठा वर झाला. मी रडलो, ते पुढच्या खाटेकडे गेले.

तिसऱ्या दिवशी क्लबच्या मॅनेजरचा फोन आला. तब्येतीचं दोन वाक्यांत विचारून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. चौकशी बसली होती. पाटोळे सरांनी मैदानावर मला नीट तपासलं होतं का?

पाटोळे सर आमचे फिजिओ, म्हणजे दुखापती पाहणारे. कोल्हापूरचे. अख्ख्या क्लबमध्ये माझ्याशी मराठी बोलणारा तो एकच माणूस. डोकं आपटलेल्या खेळाडूला फिजिओने पाच प्रश्न विचारायचे असतात. आपण कोणत्या मैदानावर आहोत? कोणता हाफ चालू आहे? शेवटचा गोल कोणी केला? मागची मॅच कोणाशी झाली? ती जिंकलो का? एक जरी चुकलं तरी खेळाडूला बाहेर काढायचं.

आणि आता ती गोष्ट, जी खेळाडू बाहेर कधी सांगत नाहीत. आम्ही उत्तरं लिहून नेतो. मनगटाला पांढरी टेप गुंडाळायची, तिच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मैदानाचं नाव, मागच्या मॅचचा विरोधी संघ आणि निकाल. हाफ आणि गोल स्कोअरबोर्डवर असतातच. मला हे पंजाबात एका सीनियरने शिकवलं, त्याला आणखी कोणी. लोकांना वाटतं खेळाडूने मनगटावर आईचं किंवा देवाचं नाव लिहिलंय. बाहेर गेलो की जागा दुसऱ्याला जाते आणि माझा करार तर त्या मोसमाअखेर संपत होता. दर मॅचच्या आधी बूट बांधावेत तितक्या सवयीने मी ती पट्टी लिहायचो.

मॅनेजरला मी म्हणालो, "नाही. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पाणी मारलं आणि उठवलं."

मला तसं आठवत होतं का? नाही. मला काहीच आठवत नव्हतं. एका सोबत्याने फोनवर सांगितलं होतं की सर आले, पाणी मारलं, तू उठलास. ते ऐकून ऐकून माझ्या डोक्यात चित्र तयार झालं होतं, आणि त्या चित्रात सर घाईत होते, त्यांचं लक्ष भलतीकडे होतं. शिवाय डोक्यात नळी असलेल्या माणसाला कोणाचा तरी राग येतोच. पट्टीचं मॅनेजरने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या जबाबाचा कागद सहीसाठी मोबाईलवर आला. मी सही करण्याआधी शीतलने विचारलं, "तुमाले आठवते का पण?" मी सही केली. महिन्याभरात पाटोळे सरांना क्लबने काढून टाकलं.

मी देऊळघाटला आलो. झटके येऊ नयेत म्हणून गोळ्या, गाडी चालवायची नाही, ऊन टाळायचं, आणि मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप तीन महिने बंद, कारण स्क्रीन पाहिली की डोकं गरगरायचं. संतापही फार यायचा. हा आजाराचा भाग असतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. मी भाजीत मीठ कमी म्हणून ताट सरकवलं आहे. माय एकदा शीतलला म्हणाली, "त्याच्या डोक्यातलं खराब रगत काढलं म्हंतेत, थोडं राह्यलं वाट्टे." दोघी हसल्या. मीही नंतर हसलो, पण नंतर.

केस वाढले तरी डोक्यावर दोन खळगे राहिले. बोट ठेवलं की बरोबर बसतं. विचार करताना बोट आपोआप तिथे जायचं, आणि विचार एकच असायचा. ती तेवीस मिनिटं. मी धावलो असेन, पास दिले असतील, ओरडलो असेन. कोण धावत होतं? झोप लागून राहायची, पण जाग येताना रोज वाटायचं की कोणीतरी आत्ताच इथून उठून गेलंय आणि त्याची जागा अजून गरम आहे. अंगणात सिमेंटवर स्टडचे, तळाला खिळे असलेले बूट वाजल्यासारखे वाटायचे. बाहेर येऊन पाहिलं तर माय शेंगा फोडत बसलेली. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, असं होतं, कमी होईल. कमी झालं. गेलं नाही.

तीन महिन्यांनी स्क्रीनची परवानगी मिळाली. मोसम संपला की क्लबचा व्हिडिओवाला प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या खेळाची फिल्म पाठवतो. मिडफिल्डरवर वेगळा कॅमेरा असतो, तो बॉलकडे न पाहता माणसाकडे पाहतो. ती लिंक तेव्हापासून माझ्या फोनमध्ये पडून होती. एका दुपारी, कूलर लावून, शीतलच्या लॅपटॉपवर मी ती मॅच उघडली. शीतल तिच्या शाळेत शिकवायला गेली होती. माय पाणी द्यायला आली आणि मागे उभी राहिली.

एकसष्टावं मिनिट. आठ नंबर उडी मारतो, दोन डोकी आपटतात, आठ नंबर पडतो. हात ताठ होऊन हवेत राहतात. मायने तोंडावर पदर घेतला.

पाटोळे सर धावत येतात. गुडघ्यावर बसतात. पाणी मारत नाहीत. आधी आठ नंबरची मान दोन्ही हातांनी धरतात, डोळ्यांत पाहतात. मग उजवा हात वर करतात आणि एक बोट दाखवतात. ओठ हलतात. आवाज नव्हता, पण मला ऐकू येत होतं. आठ नंबर मान खाली घालतो, मनगट वळवतो आणि काहीतरी बोलतो. दुसरं बोट. आठ नंबर स्कोअरबोर्डकडे पाहतो. तिसरं बोट. पुन्हा स्कोअरबोर्ड. चौथं बोट, मनगट. पाचवं बोट, मनगट.

मी फिल्म मागे नेली. पुन्हा पाहिली. पाच बोटं, पाच प्रश्न.

त्यानंतरचं मला अजून नीट पाहता येत नाही. सर उभे राहतात आणि मैदानाबाहेर कोच बसतात त्या डगआउटकडे वळून दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवतात. याचा अर्थ बदली करा. आठ नंबर उठून त्यांचे दोन्ही हात धरतो, खाली आणतो आणि त्यांच्यासमोर हात जोडतो. मैदानाच्या मधोमध, सगळ्यांदेखत. सर त्याच्याकडे बघत राहतात. मग पिशवी उचलतात आणि बाजूला जातात.

उरलेली बावीस मिनिटं तो माणूस उत्तम खेळला. हे लिहिताना मला लाज वाटते, पण मी कधीच इतका चांगला खेळलो नव्हतो. डाव्या पायाने त्याने एक पास असा दिला की आमच्या स्ट्रायकरला फक्त पाय लावायचा होता. गोल झाला. सगळे त्याच्या अंगावर पडले. त्या गर्दीतून त्याचा चेहरा बाहेर आला आणि कॅमेऱ्याकडे वळला. तो हसत नव्हता. तो कशाकडेच पाहत नव्हता. आणि त्याच्या खेळात एक गोष्ट नव्हती, जी मी बाराव्या वर्षापासून करत आलो. तेवीस मिनिटांत त्याने एकदाही खांद्यावरून मागे पाहिलं नाही.

माय म्हणाली, "बंद कर ते."

"काऊन?"

"हा माह्या पोटचा नाही. नजर पाह्य त्याची." ती पाण्याचा तांब्या तिथेच ठेवून बाहेर गेली.

शीतल शाळेतून आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं, पट्टीसकट. पट्टीचं तिला तोवर माहीत नव्हतं. ती चप्पल न काढता दारातच उभी होती. "म्हंजे सही तुम्ही केली, अन् नौकरी त्याहिची गेली," ती म्हणाली. मी हो म्हणालो. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि आम्ही क्लबला पत्र लिहिलं. माझं आधीचं विधान खरं नव्हतं, सरांनी पाचही प्रश्न विचारले होते, उत्तरं मी मनगटावरून वाचली, सोबत फिल्म जोडत आहे. सरांपुढे हात जोडणाऱ्या त्या आठ नंबरचं काय लिहायचं ते कळलं नाही, ते लिहिलं नाही. क्लबचं उत्तर एका ओळीचं आलं, नोंद घेतली आहे.

सरांना फोन करायला मला आणखी आठ दिवस लागले. ऑपरेशनला सुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. अंगणातल्या निंबाखाली खुर्ची टाकून सकाळीच लावला.

"बोल रे आठ नंबर," ते म्हणाले. आवाज तसाच. आता ते कोल्हापुरात एका दवाखान्यात म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांचे व्यायाम घेतात.

मी सगळं सांगितलं. एका दमात, अडखळत, मधेच माझ्या भाषेत. माफी मागितली. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पट्टी मला दिसली होती."

मी खुर्चीतून उठलो.

"पहिल्या प्रश्नालाच दिसली. म्हणून तर बदली मागितली. मग तू हात जोडलेस, आणि मला माहीत होतं तुझा करार संपतोय. म्हटलं जाऊ दे, वीस-पंचवीस मिनिटांचा तर प्रश्न. चौकशीत मी काय तोंडानं सांगणार की यानं फसवलं? मी फसलोच नव्हतो रे."

"तरी सर, माह्यामुळे तुमची..."

"ते तुझ्यामुळंच झालं. नाही असं म्हणत नाही मी. तुला वाईट वाटतंय ते बरंय. मलापण वाटतंय. तुझ्या स्कॅनचं कळल्यावर मी दोन दिवस जेवलो नव्हतो."

त्यांच्याकडे कोणीतरी म्हातारी "आई गं, आई गं" करत पाय उचलत होती.

मी पुन्हा खेळणार नाही. सर्जननी शेवटच्या भेटीत सांगितलं, आणखी एक मार आणि मी हमी देणार नाही. आता सकाळी बुलढाण्याच्या रस्त्याने चालतो, डाव्या पायात चप्पल घालून, आणि ती पायात आहे ना ते अजूनही खाली पाहून घेतो. ज्या डॉक्टर मॅडमनी ती करडी कोर वेळेवर ओळखली, ज्या सर्जननी माझा अंगठा हलवून घेतला, ज्या शीतलने संभाजीनगरपर्यंत मला झोपू दिलं नाही, त्यांचे आभार मानतो. तुमच्या घरी कोणी खेळत असेल तर त्याच्या पायातली चप्पल बघत जा. आणि त्याचं मनगटही.

तो आठ नंबर अजून येतो. बहुतेक जाग येताना. मी आता त्याला हाकलत नाही, कारण त्याने जे केलं त्याचा हिशेब मलाच द्यावा लागणार आहे.

त्या दिवशी फोन ठेवायच्या आधी सर म्हणाले, "थांब. हात वर कर. मनगट मोकळं आहे का?"

"मोकळं आहे सर."

"कुठे आहेस?"

"देऊळघाट. घरच्या अंगणात."

"हाफ कोणता?"

"मॅच संपली सर."

"शेवटचा गोल कोणी केला?"

"आपल्या स्ट्रायकरने. पास आठ नंबरचा होता, असं फिल्ममध्ये दिसतं."

"ती मॅच जिंकलो का?"

नेहमीप्रमाणे माझी नजर मनगटावर गेली. तिथे टेप नव्हती, नुसती कातडी होती, इतकी वर्षं ऊन न लागल्याने थोडी फिकट राहिलेली.

"आठवत नाही, सर," मी म्हणालो.

"बास," ते म्हणाले. "एवढंच बोलायचं होतंस रे त्या दिवशी."